मंगळवारी आलेला गुरुवार

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मला कधी जमलं नाही. अक्षर तर धुरात बसून लिहिल्यासारखं, कुठं मोठं, कुठं बारीक. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीची शाळा नदीपलीकडं होती आणि पोरीला एकटीला नदीपलीकडं कोण पाठवणार. तेव्हा कोणी हे वाचलंच तर अडेल तिथं अंदाजानं पुढं जावं आणि मला क्षमा करावी.

सरांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण गावात त्यांना नावानं कोणी हाक मारलीच नाही. कंप्युटरवाले सर, एवढंच. पुढं पुढं लोक कंप्युटरही म्हणेनात, नुसते सर. शाळेतल्या हेडमास्तरांना त्याचा राग यायचा.

आमची खानावळ कोल्हारच्या अलीकडं, मनमाड रोडला लागून. चार टेबलं आणि बाकं. पुढं सासूबाई गल्ल्यावर, मागं मी चुलीवर. मला परक्या माणसापुढं बोलायला जमत नाही, अजूनही जमत नाही. लगेच पदर हातात येतो. आमच्या शेजारी दूध संस्थेचं ऑफिस, मधे हातभर बोळ. संस्थेनं कंप्युटर घेतला तो ज्या खोलीत ठेवला तिची खिडकी बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आली. त्यामुळं सरांचं सगळं मी पाहिलं आणि ऐकलं. भाकऱ्या थापताना दुसरं काय करणार.

सर मूळचे नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगराकडचे, भातखाऊ. वय तिशीच्या आत, पण चालणं साठीचं. राहात्याला एका कंप्युटर क्लासमध्ये सकाळी शिकवायचे आणि दुपारच्या गाडीनं आमच्या गावात यायचे. राहायचे संस्थेच्याच मागच्या खोलीत. पहिल्या दिवशी जेवायला आले, ताटावर बसले आणि भाकरीकडं बघून सासूबाईंना विचारलं, "मावशी, ही ज्वारी कुठली?"

सासूबाई म्हणाल्या, "बाजारातली."

"बाजारात कुठून आली?"

"आता ती बोलली न्हाई मला."

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः ज्वारीचं पोतं आणलं. निवडलं स्वतः, गिरणीत नेलं स्वतः, आणि आपलं दळण पडेपर्यंत गिरणीवाल्यापुढं उभे राहिले. कोणाचं पीठ कोणात मिसळायला नको म्हणून नव्हे. त्यांना ते होताना बघायचं असायचं. तयार वस्तू त्यांना सहन व्हायची नाही. नवी छत्री आणली की आधी काड्या उसवून परत बसवायच्या, मगच पावसात न्यायची. चपला आणल्या की चांभाराकडं नेऊन अंगठा उसवून पुन्हा शिवून घ्यायचा. चांभार म्हणायचा, "सर, दोनदा पैशे कशाला घालिवता, पयल्यांदाच माझ्याकडून करून घ्या." सर म्हणायचे, "पुढच्या वेळी." आणि पुढच्या वेळी पुन्हा दुकानातली.

आमच्या खानावळीतला पंखा कुरकुरायचा. एका दुपारी सरांनी टेबलावर स्टूल ठेवून तो खाली घेतला, सगळा सुटा केला, पुसला, तेल घातलं आणि परत वर चढवला. कुरकुर गेली. पण तीन स्क्रू उरले. सर म्हणाले ते जास्तीचेच होते. तेव्हापासून पंख्याखालचं टेबल रिकामं राहायचं आणि सर तिथंच एकटे ऐसपैस बसून जेवायचे.

मला ते वहिनी म्हणायचे. चटणीत काय घातलं, आमटीला चिंच की आमसूल, असं त्यांना रोज काहीतरी विचारायचं असायचं. ते टेबलावरून मला विचारायचे, मी आतून सासूबाईंना सांगायची आणि सासूबाई त्यांना. तिघांत मिळून आठ-दहा पावलांचं अंतर. सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "मी काय टेलिफोनचा खांब हाय का?"

एकदा आमटी आंबट झाली. मी घाईनं गूळ घातला, पाणी वाढवलं आणि वरून थोडं तिखट. सरांनी एक घास घेतला आणि थांबले. म्हणाले, "वहिनी, एका वेळी एकच बदल. आता बिघडलं कशानं आणि सुधारलं कशानं, दोन्ही कळायचं नाही." आमटी मात्र दोन वाट्या प्यायले.

आता त्यांचं काम काय होतं ते मला जसं कळलं तसं लिहिते. संस्थेत दर दहा दिवसांनी दुधाची बिलं निघायची. नगरच्या एका दुकानानं कंप्युटरबरोबर जो प्रोग्राम दिला होता तो बिलं इंग्रजीत छापायचा. गावातल्या म्हशीवाल्यांना ती वाचता यायची नाहीत. बिल घेऊन लोक खानावळीत यायचे आणि कोणी कॉलेजचं पोर दिसलं की त्याच्यापुढं धरायचे. सरांनी चेअरमनना सांगितलं, मराठीत बिल काढून देतो. दुकानवाले त्याचे भरपूर पैसे मागत होते, सर थोडक्यात करणार होते. चेअरमन हो म्हणाले. पण पैसे काम झाल्यावर, आधी एक रुपया नाही.

मग सरांनी एका मासिकाबरोबर आलेली चकचकीत तबकडी आणली. ती ते सासूबाईंना दाखवत होते. म्हणाले, ह्यात छपाईचा प्रोग्राम आहे, पण तयार नाही, मूळ स्वरूपात आहे. लिहिलेला. तो आपल्या मशीनवर आपणच तयार करायचा आणि मग त्यात मराठी अक्षरं बसवायची.

सासूबाईंनी विचारलं, "म्हंजी कच्चा हाय?"

सर खूश झाले. म्हणाले, "अगदी बरोबर. ही ज्वारी आहे. मशीनमध्ये एक कंपायलर असतं, ती गिरणी. दळल्याशिवाय पीठ नाही."

"मंग पीठच आनायचं की इकत."

त्या दिवशी सरांनी भात मागितला नाही.

पण दळायच्या आधी एक तपासणी असायची. ते मशीन एकेक गोष्ट विचारत जायचं, अमुक आहे का, तमुक आहे का, आणि स्वतःच उत्तर लिहायचं, आहे, आहे, नाही. सर ते खिडकीत बसून मोठ्यानं वाचायचे. सासूबाई भाजी निवडायला मुद्दाम माझ्या खिडकीपाशी येऊन बसायच्या. म्हणायच्या, "हे पोराकडच्या पाव्हण्यांवानी इचारतंय. जिमीन हाय का? हाय. हीर हाय का? हाय. आन् समदं इचारून झालं की शेवटी म्हननार, पोरगी सावळी हाय, न्हाई जमत."

तसंच व्हायचं. शेवटाला नाहीच यायचं. मग सर त्याचं कारण शोधायचे. एकदा मशीन म्हणालं, अक्षरांचा संच सापडत नाही. सर म्हणाले, अरे आहे, मी स्वतः ठेवला. दोन दिवस त्यात गेले. संच होताच, पण तो कुठं ठेवलाय हे मशीनला सांगायचं राहिलं होतं. ते आपल्या नेहमीच्या चार फडताळांत बघायचं आणि नाही म्हणून मोकळं. आमच्या यांचंही तसंच आहे. बनियन दोरीवर वाळत असलं तरी पेटीत नाही म्हणजे घरात नाही.

सरांचं एक बोलणं मला फार आवडायचं. दळताना चूक झाली की पडद्यावर शेकडो ओळी धावत जायच्या. नाना क्लार्क, म्हणजे संस्थेचे एकुलते एक कारकून, ते बघूनच घाबरायचे. म्हणायचे, "सर, एवढ्या चुका? कवा निस्तरायच्या?" सर म्हणायचे, "नाना, पहिली ओळ बघा. पहिली चूक खरी, बाकीची तिची पोरंबाळं." मी हे घरात वापरून पाहिलं. जावेचं आणि माझं वाजलं की ती दहा गोष्टी काढायची. मी मनात पहिली कुठली ते शोधायची. बहुतेक वेळा ती पापडाची असायची.

मग ते कंपायलर मधेच मरायला लागलं. सर असंच म्हणायचे, मेलं. कधी अर्ध्यात मरायचं, कधी सुरुवातीलाच, जागा ठरलेली नाही. सरांनी दोन दिवस तपासलं आणि म्हणाले, चूक लिखाणात असती तर एकाच जागी मेलं असतं. ही मशीनची मेमरी खराब आहे, नवी घालावी लागेल. दोन हजार रुपये. चेअरमनकडं गेले. चेअरमन म्हणाले, दुकानवाल्याच्या प्रोग्रामला ही मेमरी चालती, तुमालाच कशी चालंना? आधी बिल दावा, मग बोलू.

सरांकडं पैसे नव्हते. क्लासमध्ये पगार दोन महिने थकलेला. ते मागत नव्हते कोणाला. पण एक वेळचं जेवण बंद केलं आणि सासूबाईंना सांगितलं की हल्ली पोट जड असतं.

त्याच महिन्यात माझी भिशी लागली होती. आम्ही गल्लीतल्या दहा बायका, दर महिन्याला दोनशे. दोन हजार माझ्या डब्यात आले होते. त्यातून मला गॅस घ्यायचा होता. चुलीच्या धुरानं डोळे इतके चुरचुरायचे की संध्याकाळी दिव्याभोवती कडं दिसायचं. यांनी टेम्पोच्या फेऱ्या सांभाळून नंबरही लावून ठेवला होता. ते पैसे मी सरांना द्यायचं ठरवलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. रोज दोन भाकऱ्या कमी थापायच्या आणि त्याचं कारण खिडकीतून दिसत राहायचं, ते मला बघवेना. सासूबाईंना विचारलं. त्या बराच वेळ मिश्री घासत बसल्या आणि म्हणाल्या, "दे. पन धूर तुझ्या डोळ्यात जाणार हाय, माझ्या न्हाई." यांना सांगितलं तर हे हसले. म्हणाले, "तुझा गॅस कंप्युटरात गेला म्हनायचा."

पैसे सासूबाईंनी दिले, माझे म्हणून सांगितले. सर दारापर्यंत आले, माझ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, हे परत येतील. सगळे." आणि लगेच नगरच्या गाडीला गेले.

दुसऱ्या दिवशी मेमरी आणली ती बघायला आम्ही सगळे जमलो. बोटभर हिरवी पट्टी, खाली दाते. सासूबाईंनी ती उलटसुलट करून बघितली. "दोन हजाराची ही फनी? हिनं केस तरी इंचरता येत्यात का?" सरांनी घाईनं काढून घेतली, तेल लागेल म्हणून.

मेमरी घातल्यावर मरणं थांबलं. बुधवारी आणि गुरुवारी मिळून सगळं दळून झालं. गुरुवार सरांचा उपवासाचा, शिर्डीचा वार. त्या दिवशी खिचडी खाताना त्यांनी साबुदाण्याचं काही विचारलं नाही, इतके खुशीत होते. कागद मशीनमध्ये घातला, पहिलं बिल छापलं, आणि मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी आल्या. सर म्हणाले काही नाही, एक ओळ बदलायची राहिलीय, उद्याचं काम.

तेवढ्यात चेअरमननी निरोप पाठवला. येत्या बुधवारी संस्थेची वार्षिक सभा आहे. सभासदांना मराठी बिल दाखवता आलं तर ठीक. नाहीतर दुकानवाला येऊन बसणार आहे, त्याला काम देऊन टाकू, आणि सरांनी मेमरीबिमरी काय घातली असेल ती त्यांची त्यांना लखलाभ. नाना क्लार्क हे सांगत असताना मी आत कढईत बघत होते. मेमरी विकत घेतलेली परत कोण घेणार. भिशीचे दोनशे मात्र मला अजून आठ महिने भरायचे होते.

सरांनी क्लासला सुट्टी टाकली आणि शुक्रवार दुपारपासून खोलीतून बाहेर येईनात. मी खिडकीतून डबा द्यायची, ते खिडकीतून घ्यायचे. दाढी वाढली. शुक्रवारी ओळ बदलली, मशीनला दळायला सांगितलं. मशीन म्हणालं, काही करायचं नाही, सगळं ताजं आहे. छापलं तर पुन्हा चौकटी. शनिवारी दुसरी ओळ बदलली. पुन्हा तेच, सगळं ताजं आहे. पुन्हा चौकटी. रविवारी सर मशीनला म्हणताना ऐकलं, "अरे, भांड तरी. चूक काढ एखादी. हे गोड बोलणं काय कामाचं?" पहिली चूक बघायची म्हणायचे ते, आता बघायला एकही चूक नव्हती. बाकी जगात चूक नसली की माणूस झोपतो. सर बसून राहायचे.

मला शनिवारपासून दिव्याभोवतीचं कडं मोठं वाटायला लागलं.

मंगळवारी आमच्या गावचा बाजार. खानावळीच्या दारापासून रस्त्यापर्यंत भाजीचे ढीग, मिरच्यांची पोती, बोकड, बांगडीवाल्या. आतली सगळी बाकं भरलेली, पंख्याखालचंसुद्धा. नाना क्लार्कही जेवायला बसले होते. दुपारी एकच्या सुमारास सर दारात आले. वाटेत एका मेथीच्या ढिगाला वळसा घालून आले, म्हणजे बाजार त्यांना दिसत तर होता. आत येऊन सासूबाईंना विचारलं, "मावशी, खिचडी झाली का?"

सासूबाई म्हणाल्या, "कशाची खिचडी?"

"साबुदाण्याची. आज गुरुवार ना."

अख्खी खानावळ हसली. एक मिरचीवाला म्हणाला, "सर, गुरवारी आमी नेवाशाला असतो. हितं दिसलो म्हंजी मंगळवार समजायचा." दुसऱ्यानं विचारलं, उपास इतका आवडाया लागला व्हय? सासूबाई म्हणाल्या, परवा तर खिचडी खाल्ली की, तुमच्या देवाचे गुरुवार आठवड्याला दोन झाले का?

सर शांतपणे म्हणाले की आठवडा लवकर गेला असं त्यांनाही वाटलं होतं, पण गुरुवारच आहे. आत्ता मशीनमध्ये बघून आलोय, चोवीस तारीख, गुरुवार.

नाना क्लार्क सगळ्यांत जोरात हसत होते. हसता हसता घास अडकला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, तो गुरवार म्या केलाय."

सर त्यांच्याकडं वळले. "म्हणजे?"

"आवो, वीस तारखेपर्यंतची बिलं मागं पडलीती. ती शुक्रवारी सकाळी काढली. पन बिलावर तारीख वीसचीच पायजे, न्हाईतर ऑडिटवाला बोंबलतो. आन् आपला जुना पोग्राम मशीनमधली तारीख घेतो. म्हनून म्या मशीनच मागं नेलं, वीसवर. परत पुढं आनायचं राहिलं." मग जरा वरमून म्हणाले, "दर बिलाला नेतो. पुढं आनतो बी. ह्या टायमाला दुधाची गाडी आली आन् इसरलो."

मला वाटलं आता सर नानांच्या अंगावर जातील, नाहीतर ऑफिसकडं पळत सुटतील. ते हळूच पंख्याखालच्या बाकावर दोघांच्या मधे बसले आणि म्हणाले, "मावशी, जेवायला वाढा."

मी ताट वाढलं. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. सरांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. ज्वारी कुठली, वांगी कुठली, ठेच्यात काय, काही विचारलं नाही. पाणी प्यायले आणि एकटेच हसायला लागले. मग हात न धुता सासूबाईंना समजावून सांगायला लागले, आणि अर्थात मलाही, कारण आवाज आतपर्यंत येईल असा लावला होता.

मशीन आळशी आहे, म्हणाले. मी काही बदललं तरी ते सगळं पुन्हा दळत नाही. आधी बघतं, धान्य नवं आहे की पीठ नवं. धान्य नंतर आलं असेल तरच पुन्हा दळायचं. गुरुवारी पीठ पडलं, त्याच्यावर चोवीस तारीख. शुक्रवारी नानांनी मशीन वीसवर नेलं. मग मी जो जो बदल केला त्याच्यावर आधीची तारीख पडत गेली. मशीन बघायचं आणि म्हणायचं, हे धान्य तर पिठाच्या आधीचं, ह्याचं पीठ झालेलंच आहे. चार दिवस माझा एकही बदल आत गेलाच नाही. मी शुक्रवारी केलेला पहिलाच बदल बरोबर असणार.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी मशीन आळशी न्हाई. नाना आळशी."

नाना म्हणाले, "मावशी, ठेचा द्या जरा."

सर गेले. मी खिडकीपाशी उभी राहिले. बाजाराची भांडी पडली होती, पण उभी राहिले. सरांनी आधी घड्याळ पुढं आणलं. मग चार दिवसांतले बाकीचे बदल काढून टाकले, शुक्रवारचा तेवढा ठेवला. एका वेळी एकच. मग जुनं पीठ सगळं पुसून टाकलं आणि पहिल्यापासून दळायला लावलं. ते चालू असताना ते खुर्ची उलटी करून बसले होते आणि मी दोनदा चहा दिला. लाइट गेली असती तर सगळं परत करावं लागलं असतं. सासूबाईंनी देवापुढं निरांजन लावलं, वर म्हणाल्या हे लाइटसाठी आहे, मशीनसाठी नाही. दिवेलागणीच्या आत छपाईच्या मशीनचा आवाज आला, करकर करकर, करवतीसारखा. सरांनी कागद फाडला आणि खिडकीतून माझ्यासमोर धरला. कोणाचं बिल होतं ते आठवत नाही. म्हैस, फॅट, लिटर, पेंड कपात, सगळं मराठीत. मी चौथी शिकलेली, मी सगळं वाचलं.

बुधवारची सभा मी पाहिली नाही, बायका जात नव्हत्या. पण नंतर सगळी खानावळीतच आली. बिलं वाटली गेली. आधी टाळ्या झाल्या. मग लोक वाचायला लागले. पेंड कपात, वाहतूक कपात, इमारत निधी, किरकोळ. "किरकोळ म्हंजी काय वो?" असं मागच्या बाकावरून एकानं विचारलं आणि मग सभा जी पेटली ती चहा गार होईपर्यंत. म्हणे चेअरमन खाली बसताना पुटपुटले, इंग्रजीतच बरं होतं. नगरचा दुकानवाला उठून गेला. सभासदांनी हात वर करून ठराव केला की बिल इथून पुढं मराठीतच.

ठराव झाला, पण चेअरमनचा राग सरांवर निघाला. पैसे एकदम दिले नाहीत. दर बिलाला थोडे थोडे. सरांनी मात्र त्यातला पहिला वाटा प्रत्येक वेळी सासूबाईंच्या गल्ल्यावर आणून ठेवला. तीनशे, दोनशे, एकदा चारशे. सासूबाई दरवेळी सांगायच्या, आधी जेवायचं बघा. सर म्हणायचे, जेवण चालू आहे. आणि खरंच दोन्ही वेळचं चालू केलं होतं. त्यांनी नव्या प्रोग्राममध्ये बिलाची तारीख वेगळी लिहायची सोय करून दिली आणि मशीनवर कागद चिकटवला, घड्याळाला हात लावू नये. नानांनी दसऱ्याला त्या कागदालाच हळदकुंकू वाहिलं.

पुढं उन्हाळ्यात सरांना पुण्याला नोकरी लागली. जाताना चारशे राहिले होते. ते म्हणाले, पहिल्या पगाराला. पगार झाला, दुसरा झाला. गावात लोक बोलायचे ते बोललेच. हे म्हणाले, सोड आता, बरेच आलेत. गॅस मी तोवर घेतला नव्हता. सगळे आल्याशिवाय घ्यायचा नाही असं मीच मनात धरलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी खानावळीसमोर मनमाडला जाणारी एसटी थांबली. तिथं स्टॉप नाही. सर दारातून उतरले, हातात पिशवी, कंडक्टर मागून ओरडतोय, सर दोन मिनिटं म्हणतायत. सासूबाई कोल्हारला लग्नाला गेल्या होत्या. मी एकटीच होते, दारात.

सरांनी नोटांची गड्डी माझ्या हातात दिली. सगळ्या दहाच्या. म्हणाले क्लासवाल्यांनी थकलेला पगार अशाच नोटांत दिला, म्हणून तशाच आणल्या. मी मान हलवून घेतल्या आणि पदराखाली धरल्या.

"मोजून घ्या, वहिनी."

मी मान हलवली, नको म्हणून. सर हलेनात. एसटीच्या खिडक्यांतून सगळी गाडी बघत होती. कंडक्टरनं घंटी मारली. सर तसेच उभे. मला कळलं की हा माणूस मोजल्याशिवाय गाडीत बसणार नाही, गाडी गेली तरी.

मी मोजायला लागले. आधी तोंडातल्या तोंडात. कंडक्टर म्हणाला, "ताई, मोठ्यानं मोजा, म्हंजी आमाला बी कळंल कवा निघायचं ते." गाडी हसली. माझे कान तापले. मी मोठ्यानं मोजलं. दहा, वीस, तीस. शंभराला एक म्हातारा खिडकीतून माझ्याबरोबर म्हणाला. दोनशेपर्यंत पुढची दोन बाकं आली. तीनशेच्या पुढं तर अर्धी गाडी शाळेतले पाढे म्हटल्यासारखं म्हणत होती, तीनशे सत्तर, तीनशे ऐंशी, तीनशे नव्वद.

"चारशे," मी म्हणाले.

"आधीचे धरून?" सरांनी विचारलं.

"दोन हजार," मी म्हणाले. "पुरे झाले सर. सगळे आले."

सर पायरीवर चढले आणि ड्रायव्हरनं गाडी काढली.